तीन बरण्या धूर

३ सप्टेंबर १९८२

कपाळ माझं! लोकांना शहाणं करायला गेले आणि हे काय होऊन बसलं!

महिना झाला, सूर्य बुडाल्यावर आभाळ लालभडक होतं. पावसाचा पत्ता नाही. गाव म्हणतं, देवाचा कोप. कोप-बिप आमच्या घरानं छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच सोडला. म्हणून काल संध्याकाळी शाळेच्या पडवीत सगळ्यांना बसवून सांगितलं — मेक्सिको नावाच्या देशात ज्वालामुखी फुटलाय, त्याचा धूर फार उंच गेला, पृथ्वीभर पसरला, त्यानं ऊन थोडं अडतं. समोर सगळे मख्ख. मग प्रयोग केला. काचेची बरणी, आत थर्मामीटर, वर सूर्य म्हणून दोनशेचा बल्ब. धुरासाठी गायरानातल्या फटाकेवाल्या मकबूलभाईंनी हौसेनं दोन अनार दिले होते. सहाला धूर कोंडला. साडेसहाला पारा दोन अंश खाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

आज सरपंच गुरुसिद्धप्पा म्हणतात, "बाई, म्हंजे फटाक्याच्या धुरानंच पाऊस अडलाय. तुमीच दाखिवलं की."

मेक्सिको राहिलं मेक्सिकोत.

४ सप्टेंबर

वह्या तपासायच्या होत्या, अक्षर दिसेना. सहाला विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की बल्बाचा काजवा होतो. विहिरीत पाणी हातभर, तरी मोटार हवी!

९ सप्टेंबर

मकबूलभाई घरी आले. तेरखेड्याचे. तीन वर्षांपूर्वी आमच्या गायरानात शेड टाकून इथं फटाके करू लागले. जागेची संमती पंचायत दरवर्षी देते, यंदाची दोन ऑक्टोबरच्या सभेत आहे. सभा नाही म्हणाली तर शेड उठलं. बारा बायका तिथं कामाला आहेत. शेजारच्या मुक्ताबाई त्यातल्याच, गुडघ्यानं अधू. हे काम गेलं तर त्यांना रोजगार हमीवर उन्हात खडी फोडावी लागेल.

"बाई, मेरेच अनार का धुवां मेरेच आँख में आया," म्हणाले आणि हसले. चहा मात्र तसाच ठेवून गेले.

मी सांगितलं, काळजी करू नका, हे मी निस्तरते. मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

१७ सप्टेंबर

गुलाबचं पत्र. धाकटा भाऊ पुण्यात हवामान खात्यात आहे, त्याला एकच साधा प्रश्न विचारला होता — धुरानं पाऊस थांबतो का, हो की नाही. चार पानं लिहिलीत! परदेशात संगणकावर हवामानाची गणिती मॉडेलं चालवतात म्हणे, त्यात ज्वालामुखीचा धूर घालून बघतात. एक मॉडेल म्हणतं, अर्धा अंश गारवा. दुसरं म्हणतं, त्याच्या निम्मा. तिसऱ्याला पावसाबद्दल काही सांगताच येत नाही. आता हे मी गुरुसिद्धप्पांना वाचून दाखवू?

शेवटी उपदेश: "अक्का, आधी धूर न घालता मॉडेल चालवून बघतात. मग धूर घालून. दोन्हींत जो फरक येईल तेवढाच धुराचा." मला शिकवतोय! याला पाढे कुणी शिकवले?

२४ सप्टेंबर

मार्ग सापडला. तीन दिवस शाळा सुटल्यावर प्रयोग. एका बरणीत चुलीचा धूर, दुसऱ्या दिवशी दुसरीत रस्त्याची धूळ, मग परत अनार. रोज सहा ते साडेसहा. रोज दोन अंश! म्हणजे अनारात वेगळं विष काही नाही, चुलीचा धूरही तेवढाच अडवतो. तिकडं मोठाल्या संगणकांची तीन तोंडं तीन दिशांना, इथं माझ्या तिन्ही बरण्या एका सुरात. गुलाबला कळवलं पाहिजे. मला फार आनंद झाला, खोटं कशाला लिहू.

२ ऑक्टोबर

डोकं फुटेल आता.

सभेत तिन्ही बरण्यांचे आकडे फळ्यावर लिहिले. म्हटलं, बघा, चूल आणि फटाका सारखेच. मकबूलभाईंवर आळ घेता, मग घरच्या चुलीचं काय?

गुरुसिद्धप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाईचं बरोबर हाय. समदाच धूर वाईट. पर चूल बंद करता येत न्हाय. फटाके येत्यात."

सगळ्यांनी माना डोलावल्या. संमती नाकारली. ठरावात वर लिहिलं — 'शाळेच्या बाईंनी शास्त्रीय प्रयोगाने सिद्ध केल्यानुसार'. माझं नाव!

मी ओरडले, बरणी म्हणजे आभाळ नव्हे. एक म्हातारा म्हणाला, "मग दाखिवली कशाला?"

८ ऑक्टोबर

मकबूलभाईंचं सामान ट्रॅक्टरवर चढलं. दिवाळी महिन्यावर आलेली. मला बघून हात वर केला, रागाचं एक अक्षर नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

गाव बिनडोक आहे. गुलाब चार पानांत हो-नाही सांगू शकत नाही. मी एकटीच कुठवर कपाळ बडवू?

मुक्ताबाई सोमवारपासून खडीवर.

११ ऑक्टोबर

बरण्या घासल्या. एक वाळायला बल्बखाली ठेवली, थर्मामीटर आतच राहिला. सहाला सहज बघितलं — अडतीस. मोटारी सुरू झाल्या. साडेसहाला छत्तीस.

बरणीत धूर नव्हता, धूळ नव्हती. काहीच नव्हतं. वर बल्ब तेवढा मिणमिणत होता.

मुक्ताबाई अजून खडीवरून आलेल्या नाहीत. आल्या की आधी त्यांना सांगायचं.