शरयूकडून आलेलं पुस्तक

४ ऑक्टो. १९५३, रवि.
फेरीचं पुस्तक शरयूकडून आलं. जाडजूड कादंबरी. पाच घरांची फेरी, दर दुसऱ्या रविवारी पुस्तक पुढे: शरयू, मग मी, मग वच्छीवहिनी. शेवटचं पान आधी वाचून टाकलं. शरयूला हे कळलं की चिडते. ती स्वतः मुंगीच्या पावलांनी वाचते, आवडलेलं पान दोनदा. वच्छीवहिनी सासूला मोठ्याने वाचून दाखवतात आणि चावट मजकूर आला की सरळ पुढच्या पानावर जातात. सासूबाईंना सगळं कळतं.
नली मांडीवर होती. माझं बघून तीही बोट जिभेला लावून पान उलटायला लागली आहे. हे म्हणाले, सात वर्षांची झाली नाही तोच आईचा गुण उचलला. बरं वाटलं ऐकून.

७ ऑक्टो., बुध.
शरयू कृष्णपुऱ्याच्या पुलावर भेटली. माझं कोपर धरून नदीकाठच्या दगडी छत्र्यांच्या बाजूला नेलं. वाळली आहे फार. मला वाटलं सासूचं काही असेल.
क्षय आहे तिला. कालच छातीचा फोटो आला. श्रावणापासून संध्याकाळचा ताप यायचा, कोणाला बोलली नाही.
"कोणाला सांगू नको, तुला नलीची शपथ. नणंदेचं लग्न ठरून राहिलंय. घर बदनाम होईल माझ्यामुळे."
हो म्हटलं. तिला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि मी एक पाऊल मागे सरले. तिने पाहिलं ते.

८ ऑक्टो., गुरु.
एकशे बारा पानांपर्यंत आले होते. म्हणजे एकशे बारा वेळा नाही, छप्पन वेळा बोट जिभेला. त्यात नलीची किती? तिला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या, चार वेळा. रडली. का ते सांगता येईना. पुस्तक जुन्या धोतरात बांधून कपाटावर टाकलं. अर्धं राहिलेलं पुस्तक घरात असून हात लावायचा नाही, हे आयुष्यात पहिल्यांदा.

११ ऑक्टो., रवि.
पुस्तकाला कडुलिंबाची धुरी दिली. एकेक पान चिमट्याने उलटून. मग दिवसभर गच्चीवर उन्हात. शेजारीण विचारत होती, पापड का? हो म्हटलं.
यांना सांगितलं शेवटी, नाव न घेता. मिलमधून दमून आले होते. "कागदाला कशाला घाबरून राहिली तू? लोक हसतील ना." मग थोड्या वेळाने नलीला आपल्या बाजूला झोपायला घेतलं.

१५ ऑक्टो., गुरु.
सकाळपासून खोकला. धुरीचा असेल. पण छातीत डावीकडे काहीतरी... आहे की मी शोधतेय?
शरयूचा राग आला आज. ताप अंगात घेऊन पुस्तक पुढे पाठवलंच कसं. माझ्या घरात लहान मूल आहे. नंतर लाज वाटली, पण राग गेला नाही.

१८ ऑक्टो., रवि.
पुस्तक पुढे द्यायचा दिवस. वच्छीवहिनी स्वतःच आल्या, आठ महिन्यांचं बाळ कडेवर. वाचून व्हायचंय म्हणून सांगितलं.
"तुमचं? वाचून नाही झालं? तबियत तो ठीक है ना?"
आठवड्याच्या आत पुस्तक फस्त करणारी म्हणून माझी ख्याती. हसून वेळ मारून नेली. बाळ हात पसरून माझ्याकडे झेपावत होतं. एरवी आल्या आल्या मीच घेते, तास तास घेऊन बसते. आज घेतलं नाही. माझं हात मागे घेणं वहिनींना लागलं असावं. पण त्यांचं घर मी वाचवलं, असं वाटलं. शरयूपेक्षा मी बरी, असंही वाटलं. लिहून ठेवते.

२१ ऑक्टो., बुध.
यांनी अर्धी रजा टाकली. छातीचा फोटो काढला. थुंकीही तपासायला दिली. फोटोची काच छातीला थंडगार लागली. श्वास रोखा म्हणाले, तो आधीपासूनच रोखलेला होता.

२४ ऑक्टो., शनि.
आहे.
हे बाहेर गेले, बिडी ओढून आले. सुटली होती पाच वर्षांपूर्वी.
डॉक्टर उतारवयाचे, शांत. मी पुस्तकाचं सांगितलं. हसले.
"किताब से क्या होता है, बाई. पास बैठने से होता है." मग फोटो उजेडात धरला. "और ये नया नहीं है. डेढ़-दो साल पुराना है."
दीड-दोन वर्षं. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात खोकत होते मी, दोन महिने. ज्येष्ठमध चघळलं, काढे घेतले, कमी झालं, विसरले.
त्याच हिवाळ्यात शरयूचं एक पुस्तक वाचायचं राहिलं होतं, दुसऱ्या दिवशी मला ते वच्छीवहिनींकडे द्यायचं होतं. आमच्या झोपाळ्यावर दोघींनी एकच पुस्तक धरून वाचलं, दुपारभर, डोक्याला डोकं लावून. ती हळू वाचते म्हणून मी प्रत्येक पानाशी थांबत होते. खोकत होते. तिने तिची शाल माझ्यावर घातली. मग ती आमची रीतच झाली, महिन्यातून दोनदा तरी.
तिला श्रावणापासून. मला त्याच्या कितीतरी आधी.

२६ ऑक्टो., सोम.
शरयूचे यजमान आले होते. माझं कळलं त्यांना. उंबऱ्याच्या आत येईनात. हात जोडले.
"वहिनी, आमच्यामुळे तुमच्या घराला त्रास झाला. माफी मागायला तोंड नाही. ती तर रडून राहिलीय नुसती."
मी म्हटलं, असू द्या भावजी, नशिबाचं असतं.
असं म्हटलं मी. ते गेले तरी दारातच उभी होते. डॉक्टरांचं बोलणं यांनीही ऐकलंय, आणि आज आतून हेही ऐकलं. जेवताना माझ्याकडे पाहिलं नाही.

२९ ऑक्टो., गुरु.
नलीचा फोटो साफ. तीन महिन्यांनी पुन्हा काढायचा. देवापाशी बसले तर हुंदका आवरेना. तिचं अंथरूण आता यांच्या खोलीत. रात्री तिथून गोष्ट वाच म्हणते, मी दारातून वाचते, मोठ्याने.
डॉक्टरांनी बजावलं आहे: जवळ बसणाऱ्यांना तपासायला सांगा, लहान मुलं आधी. मी वच्छीवहिनींच्या बाळाला किती तास मांडीवर घेतलंय. पुस्तक अडवून मी त्यांना कशापासून वाचवत होते?

१ नोव्हें., रवि.
वहिनींना निरोप धाडला, आजच या. बाळ कडेवर असणारच, म्हणून दारातूनच बोलायचं. सकाळपासून मनात वाक्य जुळवतेय. फेरीतल्या एकीला क्षय आहे, एवढं सांगितलं तरी बाळाला तपासायला नेतील. शरयूचं आज ना उद्या कळेलच, मग सगळ्या समजतील तिच्यामुळेच. मला माझं काही बोलावं लागणार नाही. शपथही मोडणार नाही. इतकं सोपं आहे ते, म्हणून भीती वाटते. खोकल्याची नाही आता.
यांना विचारलं काय सांगू. म्हणाले, "तुला माहीत आहे."
जिन्यात पावलं वाजताहेत. बाळ खिदळतंय.