चुन्याच्या रेघेबाहेर

पुसेगाव,
ता. ९ ऑक्टोबर २००४

ती. सौ. ताईस,

अंगदचा नमस्कार. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. दाजींची कंबर आता कशी आहे? रागिणीचं दहावीचं वर्ष आहे, तिला शेतात राबवू नकोस. आईने तुझ्यासाठी मूग निवडून ठेवलेत. खरं तर फोनच करणार होतो, पण तुमचा फोन येतो हट्ट्याच्या किराणा दुकानात, आणि तिथं चार माणसं कान टवकारून उभी असतात.

आपल्या शेतातलं रेशमाचं शेड तू एप्रिलात पाहिलंस. बाहेर अंगाची लाही होत होती आणि आत गार. तू विचारलंस, कूलर कुठं लपवलाय? कूलर नव्हताच. दहा फूट खाली, जिथं ऊन पोचत नाही, तिथून पाईप नेलाय. पंखा त्यातून हवा ओढतो, ती जमिनीचा गारवा घेऊन आत येते. थंडीत तीच ऊबदार लागते. आमच्या संस्थेने जिल्ह्यात असे पाच ठिकाणी पाईप टाकले. चर खणायचा तिथं चुन्याची रेघ मारायची आणि पाईप नीट बसलाय का ते तपासायचं, ही माझी नोकरी. गावात मला पाईपसाहेब म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

पावसाळ्यात बचत गटाच्या बायांनी त्या शेडमध्ये पाळलेल्या रेशमाच्या अळ्या मेल्या. पांढरी बुरशी येऊन ताठ झालेल्या. दुसरी खेपही तशीच गेली. गटातल्या रुख्मिणीबाई मला हाताला धरून शेडमध्ये घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, वास घ्या. पाईपातून कुबट, ओली हवा येत होती.

चराच्या दोन्ही टोकांना तपासणीचे खड्डे आहेत. एकात तुझी भावजय बॅटरी घेऊन उतरली, दुसऱ्यात मी. पाईप सरळ असेल तर या टोकाचा उजेड त्या टोकाला दिसलाच पाहिजे. मला नुसता अंधार दिसला. चर बुजवण्याआधी पाहणी केल्याच्या कागदावर सही माझी होती, आणि ती मी सेनगावच्या स्टँडवर चहा पिता पिता केली होती. पाईप अमिनाबीच्या चाँद पाशाने बसवलेला. शाळेपासूनचा सोबती, जिल्ह्यात त्याच्याइतका चोख फिटर नाही. त्याचं काम काय बघायचं, असं वाटलं.

मंगळवारी मधोमध उकरलं. पाईप रेघ सोडून दोन हात बाजूला वळलेला, आणि पुढे जाऊन पुन्हा रेघेवर आलेला. वळणाच्या जोडांवर काळी माती खचली होती, उतार मोडला होता आणि पाणी साचून राहिलं होतं. मी सगळ्या बायांसमोर चाँद पाशाला वाट्टेल ते बोललो. बेइमान म्हणालो. पाईप सरळ घ्यायचा म्हणून रेघेवरची माती उकरायला एका गड्याने कुदळ उचलली, तेव्हा चाँद पाशाने दांडा धरला आणि मला बाजूला बाभळीखाली घेऊन गेला. नोकरी लागल्यापासून तो मला अहोजाहो करतो.

"अंगदभाऊ, रेघ तुमी मारली तवा मला वाटलं, तुमाला याद असंल. मंग समजलं, तुमाला यादच न्हाई."

"कशाची?"

"ताईचं लेकरू हाय तिथं. आपुन दोघांनीच ठेवलंय. मी कुदळ कशी मारू?"

तेव्हाच काहून नाही सांगितलं, म्हणून मी त्याच्यावर पुन्हा ओरडलो. तो म्हणाला, "तुमी ताईला काय सांगितलंय ते मला ठाव हाय. चार माणसांत बोललो असतो तर तुमी खोटे पडले असते."

ताई, ओढ्याला त्या साली पूर आला हे खरं आहे. पण तुझं पुरलेलं बाळ त्यात वाहून गेलं नाही. ते ओढ्याकाठी पुरलंच नव्हतं.

थोरल्यांनी बजावलं होतं, लेकराच्या आईला जागा सांगू नका, ती तिथंच जाऊन बसेल. तू दर भाऊबीजेला ओवाळून झालं की विचारायचीस, जागा तरी दाखव रे. मी पुराचं सांगायचो. अठरा वर्षं सांगितलं. सांगता सांगता मलाच ते खरं वाटायला लागलं, आणि तिथं काही नाहीच अशा भरवशावर मी त्यावरून चुना टाकला. गेला तेव्हा चार दिवसांचा होता. मी त्याला माझ्या उपरण्यात गुंडाळून नेलं होतं. उपरण्याचा काठ हिरवा होता, तो आठवतो. जागा आठवली नाही. याची मला इतकी लाज वाटते की मंगळवारपासून घास गिळवत नाही, आणि आई विचारते तर पित्त झालंय म्हणतो. म्हणजे आणखी एक खोटं.

वीस तारखेला अहवाल द्यायचाय. हिंगोलीचे साहेब म्हणतात, फिटरची चूक एवढंच लिहा, त्याला सगळ्या कामांवरून काढून टाकू. तसं लिहिलं की मी सुटतो आणि चाँद पाशा घरी बसतो. खरं लिहिलं तर गावभर होणार, आणि तुला ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळणार. म्हणून आधी तुला कळवतो आहे. अहवाल मी लिहून ठेवलाय. रेघ चुकीची होती, तिथं आमच्या घरचं लेकरू पुरलेलं आहे, फिटरने ते राखलं, आणि न बघता सही करणारा मी. नवा चर पलीकडच्या बांधाने जाईल. नोकरी राहील की नाही, सांगता येत नाही.

यंदा भाऊबीजेपर्यंत थांबू नकोस. पत्र मिळेल त्या दिवशी निघ. मला शिव्या द्यायच्या असतील तर इथं येऊन दे, मी मान खाली घालून ऐकेन. चाँद पाशाने तिथं तीन दगड मांडलेत. जागा तोच दाखवेल. मी दाखवायला गेलो तर पुन्हा दोन हात चुकेन.

तुझ्याशी अठरा वर्षं खोटं बोललेला,
तुझा भाऊ
अंगद