टाकीच्या झाकणातला बोळा

३ तारीख, सोमवार
लागलो एकदाचा कामाला. गॅरेज ऐसपैस, वर राहायला खोली. मालक भला माणूस, फक्त बोलायला लागला की थांबत नाही. इथली एक रीत त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितली: गॅरेजच्या वहीत ज्याने ‘ओके’ लिहिलं, त्याने त्या गाडीच्या पहिल्या लांब फेरीला स्वतः बसायचं. कोपऱ्यात एक जुनी व्हॅन आहे, लांब गेली की मिसिंग मारते, धक्के खात चालते. नीट केलीस तर तीच घेऊन बायको-लेकीला माहेराहून आण, म्हणाले. लेक वीस दिवसांची. अजून मांडीवर घेतली नाही मी.

५ तारीख
अंगणात इंजिन शहाण्यासारखं चालतं. साठ किलोमीटर झाले आणि लागली धक्के द्यायला. रेल्वे फाटकाच्या अलीकडे बंदच पडली. टाकीचं झाकण उघडलं, तर हवा सुस्स करून आत ओढली गेली. झाकणाच्या भोकात खाकी चिंधीचा बोळा. हवाच आत जात नाही, तर पेट्रोल पुढे येणार कसं? आणि मी दोन दिवस प्लग घासत बसलो होतो. स्वतःवरच हसलो.

८ तारीख
पुन्हा तिथेच. पुन्हा बोळा, ओला. झाकणाला कुलूप, किल्ली माझ्या खिशात.
मालकांना विचारलं तर त्यांनी वहीतलं जुनं पान काढलं. मग म्हणाले, आधीचे तात्या मिस्त्री खाकीच घालायचे. या व्हॅनला त्यांनी अंगणातच फिरवून ओके लिहिलं, स्वतः गेले नाहीत. ती त्याच फाटकात रुळांवर बंद पडली. आत त्यांची बहीण आणि भाचरं. घाबरून उतरले ते दुसऱ्या रुळावर, आणि तिकडूनच आगगाडी आली. व्हॅनला ओरखडाही नाही. तात्या वर्षभरात गेले.

१० तारीख
भीती वाटते. पण बायको रोज विचारते, कधी येतोस. हातड्रिलने झाकणाला मोठं भोक पाडलं. तात्यांना म्हटलं, घाला आता बोळा.
मेव्हणा आला. म्हणाला, तुम्ही कशाला, मीच आणतो दोघींना. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. ओके लिहिलं.
संध्याकाळी व्हॅन घेऊन सासुरवाडीला पोचला. एकही धक्का नाही म्हणे.

११ तारीख, सकाळ
तिघं तिकडून निघाले.
गॅरेजची वही उघडली. माझ्या ओकेवर खाकी चिंधी, ओली –

झाकण टाकीवरच होतं. भोक पाडताना काढलंच नाही मी. पत्र्याचा कीस सगळा टाकीत. लांब चालली की पेट्रोलच्या नळीत जाऊन –

तात्या बोळा घालून गाडी अलीकडेच थांबवत होते. फाटकाच्या अलीकडे.

मेव्हणा फोन उचलत नाही.

बायकोने उचलला. मिसिंग मारतेय म्हणते. समोर फाटक. लेक झोपलीय. फोन कानाला, हात लिहितोच आहे –

बंद पडली. रुळांवर.

कुठल्या बाजूने उतरू, विचारते. मला काय दिसतंय इथून. मी तिथे असायला ह