चिमीचा न उघडलेला डबा

बाळा,
झोप लागली होती म्हणून तुला उठवलं नाही. दवाखान्यात आज मी बसते. शाळा सुटली की चिमीला आणायला तू जा.

तिच्या बाई काल फाटकापाशी म्हणाल्या, "आजी, पोर डबा उघडतच नाही." घरी विचारलं तर मला म्हणते, "उपाशी राहिलं की देव येतो. तूच सांगितलंस ना?" कीर्तनात ऐकलेली गोष्ट मीच तिला रंगवून सांगितली होती. आई बरी व्हावी म्हणून करतेय रे लेकरू.

डॉक्टर परवा जे बोलले ते आज तिला सांग. माझी जीभ रेटली नाही. आई आता घरी येणार नाही, आणि यात तिचं काही चुकलेलं नाही, हे बापाच्या तोंडून कळू दे. रडली तर रडू दे. तुलाही रडू आलं तर लपवू नकोस.

जेवण झाकून ठेवलंय. पहिला घास तू घे. तूही जेवत नाहीस, हे ती रोज बघते.

जेवली की तिला दवाखान्यात घेऊन ये. सूनबाई सारखी दाराकडे बघत असते.

तुझी आई