पार्किंगमधली बाज

अब्बा, सलाम.

फोनवर मी खोटं बोलले. तुम्ही गावाकडून, राहूहून टेम्पोत घालून दिलेली बाज माझ्या नव्या फ्लॅटच्या खिडकीपाशी नाही, खाली पार्किंगमध्ये आहे. ती लिफ्टमध्ये मावली नाही आणि जिन्याच्या वळणावर अडकली. फ्लॅट घेताना मी पाणी बघितलं, ऊन बघितलं. जिना मोजायचं सुचलंच नाही. राहूला बाज कायम अंगणात असायची. तिला दार लागतं, हेच मला ठाऊक नव्हतं.

रांजणगावची कंपनीची बस मला चारला शिरूरला सोडते. वर जायच्या आधी मी जरा बाजेवर पडते. डोळा लागला की ती अलगद उठते. पहिल्या मजल्यावरच्या कुकरच्या शिट्ट्या, दुसऱ्यावरची वाळत टाकलेली गोधडी, तिसऱ्यावरचं भांडण, सगळ्यांच्या गॅलरीपुढून तरंगत ती चौथ्या मजल्यावर माझ्या खिडकीतून आत शिरते. पायथ्याशी तुम्ही सुंभ ताणत बसलेले असता, दोन्ही हातांनी.

मग वॉचमनमामा हाक मारतात, "ताई, रविवारपतुर हलवा म्हणत्यात सोसायटीवाले."

सुतार म्हणतो, सुंभ सोडून चौकट सुटी केली की बाज वर जाईल. पण तुम्हाला हे कळलं, तर तुम्ही पहिल्या एसटीनं याल आणि परत विणायला बसाल. लकव्यापासून तुमचा उजवा हात चहाची बशीसुद्धा धरत नाही. तो तुमच्याच बाजेपुढं हरलेला मला बघवणार नाही. म्हणून हे पत्र पर्समध्येच राहील.

आज मी पहिली गाठ सोडली. संध्याकाळी फोनवर सहज विचारल्यासारखं विचारीन, "अब्बा, बाज विणायला सुरुवात कुठल्या कोपऱ्यातनं करायची असती?"

तुमची निखत