तळ्याची ओटी

३ मार्च
झाशीत पोहोचलो. सामान उतरवताना एकच बरणी फुटली, लोणच्याची. ती मकरंदने भरली होती, तरी मी काही बोलले नाही. म्हणजे फार बोलले नाही. त्याच्या कंपनीने बदली केली तेव्हापासून मी तोंड फुगवून होते, पण हे घर बघितलं आणि राग गेला. छावणीच्या कडेचा शांत रस्ता, दारात कडुनिंब आणि मागे चक्क परस. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर इतकी वर्षं कुंड्यांवर भागवलं, आता हाताखाली खरी जमीन आली.

घरमालकीण प्रमोदिनीकाकू पुढच्या दोन खोल्यांत एकट्या राहतात. घराणं कितीतरी पिढ्या झाशीतलं. मराठी छान, जुनी बोलतात, पण मध्येच बेटा, सुनो, और क्या. आमची कश्मिरा सहा वर्षांची आहे आणि अनोळखी माणसाला बघितलं की माझ्या मागे लपते. काकूंकडे मात्र आपण होऊन गेली आणि बेसनाचा लाडू घेऊनच परतली.

११ मार्च
परसात मधोमध जमीन गोल खचली आहे. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, इथे तळं होतं, तुझ्या काकांनी माती टाकून बुजवलं. मी लगेच विचारलं, पुन्हा खोदू का, कमळं लावते. काकू त्या खचलेल्या जागेपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, खोदो बेटा, मला पण बघायचंय.

मकरंद म्हणतो, चार दिवसांत तुझी हौस फिटेल. त्याला माझी हौस अजून कळलीच नाही. दोन माणसं लावून माती काढली. खाली विटांच्या पायऱ्या निघाल्या, अगदी धड.

२० मार्च
आज लक्ष्मी ताल नावाच्या तलावाच्या बाजूला एका नर्सरीत गेले. नर्सरीवाल्या अजयभैयांनी कमळाचे कंद दाखवले. कोंब मोडला की कंद वाया, म्हणून मांडीवर धरून आणले. रिक्षा खड्ड्यात गेली की माझा जीव वर खाली. पसरट टोपलं, चिकट काळी माती, कंद आडवा आणि कोंब वर. खत नाही, आधी पाणी वीतभरच. शिवाय पांढरी कुमुदं, कडेला वेखंड, एक शिंगाड्याची वेल आणि काठाला अळू. अळू माझ्या हट्टाचं, कारण वड्यांशिवाय मला घर घर वाटत नाही. जलकुंभी, म्हणजे आपली जलपर्णी, फुकट देत होते, ती नको म्हटलं. ती एकदा शिरली की दुसऱ्या कुणाला जगू देत नाही. डासांसाठी गप्पी मासे आणले. त्यांना नावं ठेवायचं काम कश्मिराचं.

२९ मार्च
तळं भरलं. आम्ही वाईची, कृष्णाकाठची माणसं. नवं पाणी म्हणजे घरी आलेली सवाष्ण, तिची ओटी भरल्याशिवाय मला चैन पडेना. नारळ होता, तांदूळ होते, हळदकुंकू होतं, खण मात्र नव्हता. मानिक चौकाच्या बाजारात जायला ऊन फार. कश्मिराचा परकर शिवून खणाचा तुकडा उरला होता, हिरवा, लाल काठाचा. तोच ठेवला आणि हात जोडून म्हटलं, आई, माझं लेकरू सांभाळ.

नारळ बुडाला. नारळ कधी बुडतो का? दगडासारखा सरळ खाली गेला आणि खणही त्याच्यामागे. मकरंद म्हणाला, आत पाणी जास्त असेल. मी हसले. कमळाला पहिलं पान आलंय.

६ एप्रिल
तळं म्हणजे काय दिसतंय. कमळाची पानं ताटाएवढी झाली, कुमुदाला तीन कळ्या. अजयभैयांना फोन करून सांगितलं, तर म्हणाले, इतनी जल्दी होता नहीं है दीदी.

कश्मिरा शाळेतून आली की तळ्याच्या पायरीवर बसते. तळपाय सुरकुतलेले असतात, जसे फार वेळ अंघोळ केल्यावर होतात. विचारलं तर म्हणते, मी पाण्यात गेलेच नाही. तिच्यावर नजर ठेवतेय. खरंच जात नाही.

१४ एप्रिल
आज अंघोळीला तिच्या अंगावर तांब्या ओतला तर पाणी लागेना. थेंब थेंब होऊन घरंगळलं, अळूच्या पानावरून घरंगळतं तसं. मी पुन्हा पुन्हा ओतलं. पोरगी कोरडी. ती मुकाट उभी होती आणि मी रडत होते.

डॉक्टर म्हणतात सगळे रिपोर्ट ठीक. वजन मात्र उतरतंय. जेवत नाही. कमळाला पहिली कळी आली, गुलाबी. मला ती बघवत नाही.

१९ एप्रिल
आज तिने मला काकू म्हटलं. वरणभात पुढे ठेवला तर म्हणाली, काकू, मला घरी सोडा ना, आई वाट बघत असेल. आणि परसदाराकडे बघत राहिली.

मी आतल्या खोलीत जाऊन तोंडात पदर कोंबला.

२० एप्रिल
प्रमोदिनीकाकूंपुढे सगळं ओकले. त्यांनी एकच विचारलं, ओटीला खण कुठला होता. सांगितलं, तशी त्या खालीच बसल्या.

त्यांच्या घरात पाण्याला कोरा, दुकानातून आणलेला खण देतात. लेकराच्या कपड्यातला कधीच नाही. तसा दिला तर पाणी समजतं, लेकरूच दिलं. त्यांना लग्नानंतर हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी मुलीच्या, ऐश्वर्याच्या फ्रॉकचं उरलेलं कापड ठेवलं होतं. उन्हाळाभर पोर सुकत गेली आणि एका दुपारी कमळांखाली सापडली. मग काकांनी तळं बुजवलं.

मी ओरडले, मग मला खोदू का दिलंत. त्या म्हणाल्या, पाणी असलं की तिचा आवाज येतो बेटा, मला एकदा ऐकायचा होता. तुझी ओटी मला ठाऊक असती तर हात धरला असता.

मला त्यांचा गळा धरायचा होता. धरला, आणि दोघी रडलो.

२४ एप्रिल
तळं उपसायला घेतलं. खण काढायचा आणि जाळायचा. पाणी गुडघ्यावर आलं आणि घरात कश्मिराचा श्वास अडकायला लागला. ओठ निळे. मकरंदने स्वतः धावत जाऊन नळ सोडला. पाणी चढलं तशी ती श्वास घ्यायला लागली. आता तो मला वेडी म्हणत नाही.

खण मिळाला नाही. नारळही नाही.

२७ एप्रिल
तिला घेऊन पुण्याला निघालो. ललितपूर गेलं आणि तिचे ओठ फुटले, कातडी कागदासारखी, डोळे मिटेनात. बीना स्टेशनला उतरलो. मिळेल त्या गाडीने परत. झाशीत पाय ठेवल्यावर पाणी मागितलं. मला नाही, मकरंदला. मला ती बघतच नाही.

२ मे
काकू म्हणतात, दिलेली ओटी परत मागता येत नाही. तिच्या बदल्यात दुसरी देता येते. त्यांना तेव्हा हे माहीत नव्हतं, नाहीतर त्यांनी दिली असती. हे सांगताना त्यांना माझ्या डोळ्यांत डोळे घालता येईनात.

तेरा कमळं उमलली आहेत. कश्मिरा उठून बसत नाही.

मकरंदला हे सांगणार नाही. तो मला बांधून ठेवेल.

४ मे
सकाळी माझ्या लग्नाच्या शालूचा पदर कापला. तांदूळ, हळदकुंकू, नारळ. पायरीवर बसून म्हटलं, ती नाही, मी. तिला अजून धड वेणी घालता येत नाही, ती तुला काय पुरणार. मला घे.

नारळ बुडाला.

५ मे
कश्मिराने दूधभात खाल्ला. दोनदा मागून घेतला. आणि मला आई म्हणाली. आई, भात अजून. देवा, किती दिवसांनी.

तांब्या ओतला. तिचं अंग भिजलं. माझा हात कोरडा.

८ मे
ती अंगणात खेळते. मकरंद विचारतो, तू का जेवत नाहीस. भूक नाही. तहान आहे, ती प्यायल्याने जात नाही. आज त्याचं नाव आठवायला वेळ लागला —

१० मे
मकरंद, हे तुझ्यासाठी. तिला रोज दूधभात. साईसकट नको, ओकते. रात्री दिवा चालू ठेव. पुण्याला जा, तिला आता काही होणार नाही. जाण्याआधी तळं बुजव. मी आत असले तरी माती टाक. थांबू नकोस. काकू अडवतील, त्यांना हात जोड —

११ मे
कागद ओला होतोय. मी कोरडी आणि कागद ओला.

तिला शिकव, परसातून आईचा आवाज आला तर ओ द्यायची नाही. कितीही रडले तरी. मी रडेनच. मला आवरणार नाही, मकरंद, मी तिची —

१२ मे
पायरीवर आहे. पाणी गुडघ्यापर्यंत. बरं वाटतं.

मागचं दार वाजलं. कश्मिरा. मला शोधतेय. आई, आई करते. मकरंद, तिला घे. धर तिला. येऊ देऊ नको, इथे येऊ देऊ —

किती वेळ रडतेय ग. ओ दिली. राहवलं नाही. इथे आहे बाळा, ये. हळू ये, पायरी निसरडी आहे, माझा हात ध —