वाघोबाची आण

८ सप्टेंबर, सोमवार

आज कविता दुसऱ्या कडव्यापुढं गेलीच नाही! हनुमाननं भावेशला कर्कटक टोचलं, भावेशनं त्याचं दप्तर खिडकीबाहेर फेकलं. विचारलं तर दोघंही – मी नाय केलं.

निवृत्तीनंतर मानधनावर पुन्हा वर्ग मिळाला, तेव्हा वाटलं मुरबाडचे दिवस परत आले. तिथं अख्खा वर्ग एका चालीत डोलायचा. सायकलवाले खिडकीशी थांबून ऐकायचे. इथं, तानसाच्या जंगलाला लागून असलेल्या या वाडीत, कविता ऐकते एकटी काजल. चौथीतली. एकदा कानावर पडली की तिला पाठ.

सापगावला घरी परत येताना जीपमध्ये सुचलं – वर्गाची स्वतःची प्रतिज्ञा! रोज उभं राहून सगळ्यांनी म्हणायची. मीसुद्धा.

खरे बोलू, नीट वागू,
हात कुणा ना उगारू;
वाघोबाची आण आम्हां,
शब्द दिला ना विसरू.

तिसरी ओळ वाटेवरचा शेंदूर लावलेला वाघोबाचा दगड आठवून आली. काय गोड बसली!

१२ सप्टेंबर, शुक्रवार

शांतता! प्रतिज्ञा म्हणताना पोरांचे चेहरे किती गंभीर. शेजारच्या वर्गाचे किशोर सर डोकावून म्हणाले, गुरुजी, गुंगीचं औषध दिलं की काय? मी नुसता हसलो. कवितेची ताकद, दुसरं काय.

२२ सप्टेंबर, सोमवार

हनुमान आठवडाभर नाही. भावेश नाही. आता तानीही नाही. शेतावर जात असतील.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

काल पेन्सिलीवरून काजलनं दिपिकाला चापट मारली. मी रागावलोही नाही. आज काजल नाही.

अर्धा वर्ग रिकामा. उरलेली पोरं पुतळ्यासारखी बसतात. ही शांतता मला नको आहे.

३० सप्टेंबर, मंगळवार

वाडीतल्या कमळूची शेळी बिबट्यानं नेली. जंगलखात्याचा गार्ड म्हणतो, दरवर्षी एखादी नेतोच. वाडी म्हणते, काजलमुळं.

धावत तिच्या घरी गेलो. काजल आत भिंतीकडं तोंड करून बसलेली. तिची आजी बाईजा उंबऱ्यात नाचणी पाखडत होती. सूप थांबलं नाही.

"गुर्जी, वाघोबाची आण आमी जन्मात एखाद्या वेळी घेतो. पंच बसल्यावर. तुमच्यात काय रोज चहाबरोबर घेतात?"

मग तिनंच समजावलं. पोरीनं हात उगारला, आण मोडली. दुसऱ्या दिवशी उभी राहून तीच आण पुन्हा कुठल्या तोंडानं घ्यायची? म्हणून जो चुकला तो घरी बसला. हनुमान, भावेश, तानी – सगळे त्यामुळंच!

एका ओळीसाठी. गोड बसली म्हणून.

७ ऑक्टोबर, मंगळवार

फळ्यावरची प्रतिज्ञा पुसली. घरोघर जाऊन सांगितलं, आण रद्द. एका म्हातारीनं विचारलं, फळा पुसला तं वाघोबा पन पुसला काय?

काजलचा बाप नवसू दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणार. दरवर्षी पोरीला आजीपाशी ठेवतो, शाळेसाठी. यंदा म्हणाला, शाळा नाय तं इथं बसून काय करल? नेतो संगती. मी हात जोडले.

एकदा भट्टीवर गेली की संपलं. विटा थापायला लागलेलं पोर परत आलेलं मी पाहिलेलं नाही. आणि तिला मीच घालवली! जेवण जात नाही. पाठ असलेल्या कविता आठवायला बसलो, एकही धड येईना.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

कमळूच वाघोबाची पूजा करतो. ज्याची शेळी गेली त्याच्याच पायरीवर जाऊन बसलो. त्यानं शेळीचं रिकामं दावं गुंडाळून ठेवलं. मग म्हणाला, ज्यानं घातली त्यानंच उचलायची. वाघबारशीला, दिवाळीच्या पहिल्या दिवशी, सगळ्या वाडीपुढं. आणि उचलली की मोडल्याचा कोप त्याच्या अंगावर.

किशोर सर म्हणतात, गुरुजी, तुम्ही शिकलेले, हे काय भलतंच?

पोरांना आण म्हणायला लावली तेव्हा कुठं होतं माझं शिक्षण?

१७ ऑक्टोबर, वाघबारस

दगडापुढं खिरीचा नैवेद्य. हनुमान अंगाला पट्टे ओढून वाघ झालेला. पोरं त्याला पिटाळत विचारत होती, पुन्हा शिवारात येशील काय? तो ओरडायचा, नाय येनार!

मग कमळूनं मला पुढं बोलावलं. चार ओळी रचून नेल्या होत्या. नारळ हातात घेतला आणि सगळं विसरलो. म्हणालो, आण मी घातली. मला तिचं वजन माहीत नव्हतं. पोरांची चूक नाही.

कमळूनं विचारलं, "तुमच्या अंगावर घेता?"

"घेतो."

त्यानं नारळ फोडला. खरंच सांगतो, भीती वाटली. काजल बाईजाच्या पाठीमागं होती. तिनं वर पाहिलं नाही.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

भट्टीचा ट्रक वाडीतून गेला म्हणे. कोण कोण गेलं, विचारायचा धीर झाला नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार

शाळा उघडली. वर्ग भरलेला! पोरं सवयीनं उभी राहिली आणि माझ्याकडं बघत राहिली. खिडकीजवळून आवाज आला – काजलचा.

"चुकलो तं सांगू. सांगून परत येऊ."

सगळ्यांनी म्हटलं. मग मीही. यमक जुळत नाही. हात लावणार नाही.